टर्बो गाडीला घरी बनवलेलं पाणी-मिथेनॉल इंजेक्शन: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एक पंप, एक नोझल, प्रेशर स्विच, रिले, चार-पाच मीटर नळी आणि टाकी. सगळं सामान एका खोक्यात मावतं आणि सुट्टीच्या दोन दिवसांत गाडीला बसतं. फवारा उडवणं कोणालाही जमतं. चालत्या गाडीत, पूर्ण बूस्टवर (टर्बोने हवा पूर्ण दाबलेली असताना), तो अचानक थांबला तर इंजिन वाचलं पाहिजे, ही सोय करायला मात्र लोक विसरतात. म्हणून या लेखात त्या सोयीला बरीच जागा दिली आहे. घाई असेल तर बाकीचं चाळा, पण वायरिंगनंतरचा भाग सोडू नका.

हे नेमकं करतं काय

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढतो, सगळी नाही. तापलेली हवा सिलिंडरमध्ये आणखी दाबली गेली की प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आतच कडेचं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. जोरात झालं तर पिस्टनची कड आणि रिंगांच्या मधला भाग तुटतो. आताच्या गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, नॉक सेन्सरवरून हे ओळखतो आणि टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, ताकद जाते.

पाण्याचं बारीक धुकं या हवेत सोडलं की ते वाफ होताना उष्णता ओढून घेतं. १ किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात, मिथेनॉलला ११०० च्या आसपास, इथेनॉलला ८५० च्या आसपास आणि पेट्रोलला जेमतेम ३५०. म्हणजे थंड करण्यात पाण्याचा हात कोणी धरत नाही. मग अल्कोहोल कशाला? मिथेनॉल ६५ अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे ते पाइपमध्येच लवकर उडतं आणि हवा सिलिंडरपर्यंत पोचायच्या आधी थंड होते. पाण्याचा बराच भाग सिलिंडरमध्ये गेल्यावर काम करतो. शिवाय मिथेनॉल स्वतः इंधन आहे आणि नॉकिंगला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त विरोध करतं. दोन्ही निम्मे-निम्मे घेण्याची पद्धत पडली ती यामुळे.

पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत 'एमडब्ल्यू ५०' नावाचं मिश्रण वापरत: निम्मं मिथेनॉल, उरलेलं जवळजवळ सगळं पाणी आणि अर्धा टक्का गंजरोधक तेल. १९६२ मध्ये ओल्डस्मोबिलने जेटफायर ही टर्बो गाडी काढली. तिचं कॉम्प्रेशन होतं १०.२५ ला १, म्हणजे टर्बो गाडीसाठी त्या काळी बरंच जास्त, आणि ते झेपावं म्हणून मिथेनॉल-पाण्याची वेगळी टाकी दिली होती. त्या द्रवाचं नाव 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. मालक ती टाकी भरायलाच विसरायचे. कंपनीला हे आधीच सुचलं होतं. द्रव संपला की बूस्ट आपोआप कमी व्हावा अशी यंत्रणा गाडीत होती. २०१५ साली बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएस दाखवली, तीत डिकीत ५ लिटरची पाण्याची टाकी आहे, आणि ती रिकामी झाली की इंजिन स्वतःहून ताकद कमी करतं. पन्नासेक वर्षांच्या अंतराने दोन कारखान्यांनी एकच गोष्ट आधी पाहिली. आपणही तीच पाहायची.

गाडी आधी निरोगी हवी

आत्ताच नॉकिंग करणाऱ्या, बूस्ट गळणाऱ्या किंवा फ्युएल पंप दमलेल्या गाडीवर हे बसवू नका. फवारा दुखणं झाकतो, बरं करत नाही. प्लग, कॉइल, होजच्या क्लिपा, फ्युएल प्रेशर एकदा तपासून घ्या. बूस्ट गेज आणि वाइडबँड मीटर (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारं) नसेल तर आधी ते घ्या. त्यांच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होईल. प्लगची गॅप थोडी कमी करावी लागते, कारण पाण्याच्या वाफेत ठिणगी विझते. बऱ्याच टर्बो इंजिनांत ०.६ ते ०.७ मिमी चालते. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल तुमच्याकडच्या नियमांत आणि विम्यात बसतो का, हेही आधीच बघा.

टाकीत काय घालायचं

पाणी डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यातले क्षार नोझलच्या भोकात साचतात, आणि ते भोक सुईच्या टोकाइतकं असतं. मिथेनॉल शुद्ध, ९९ टक्क्यांच्या वरचं. काच पुसायचं वॉशर लिक्विड वापरायचा मोह होतो, पण त्यातला रंग, साबण आणि अल्कोहोलचं प्रमाण डब्यावर धड लिहिलेलं नसतं. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल चालतं, फक्त त्यात आधीच किती पाणी आहे ते पाहून हिशोब करा: ७० टक्क्यांच्या बाटलीत आणखी तेवढंच पाणी घातलंत तर अल्कोहोल उरतं ३५ टक्के.

निम्मं-निम्मं म्हणजे वजनाने की मापाने, हा गोंधळ नेहमीचा. मिथेनॉलची घनता ०.७९ आहे. मापाने एकास एक घेतलं तर वजनात मिथेनॉल ४४ टक्के येतं. दोन्ही चालतं, पण एकच पद्धत ठरवा आणि टाकीवर लिहून ठेवा, कारण ट्यूनिंग त्याच मिश्रणावर होणार आहे. एक गंमत: १ लिटर पाण्यात १ लिटर मिथेनॉल ओतलं की डबा कोमट लागतो आणि एकूण माप २ लिटर भरत नाही, किंचित कमी पडतं. काही चुकलेलं नसतं.

५० टक्क्यांच्या वर मिथेनॉल नेऊ नका, निदान पहिल्या गाडीत तरी नाही. शुद्ध मिथेनॉलची वाफ १२ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. निम्मं पाणी घातल्यावर हा आकडा विशीच्या पुढे जातो, म्हणजे उन्हातल्या गाडीत ते मिश्रणही पेटू शकतं. आणि मिथेनॉलची ज्योत दिवसा दिसत नाही. हवा थरथरल्यासारखी दिसते आणि हात भाजतो, इतकंच. मिसळायचं काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब, आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवून.

दुसरी गोष्ट विषाची. मिथेनॉल पोटात गेलं तर थोड्या प्रमाणातही डोळे जातात, जीवही जातो, आणि ते कातडीतूनही शरीरात शिरतं. पातळ नायट्राइल हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत. ब्युटाइल रबराचे घ्या. तोंडाने नळी ओढून सायफन लावायची सवय असेल तर ती इथे विसरा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत हे कधीही भरून ठेवू नका. डबा वेगळा, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव, झाकण घट्ट. कोणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी तडक दवाखाना गाठा. पहिले काही तास माणूस ठीक वाटतो, त्यावर जाऊ नका.

किती फवारायचं

पेट्रोलच्या १० ते २० टक्के मापाचं मिश्रण फवारायचं, हा सुरुवातीचा पट्टा. उदाहरण घेऊ. गाडी २०० हॉर्सपॉवरची. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २५० ग्रॅम पेट्रोल पितं. म्हणजे तासाला ५० किलो, मिनिटाला ८३३ ग्रॅम, मापात साधारण १.१ लिटर. त्याचे १५ टक्के म्हणजे मिनिटाला १७० मिली. एवढंच लागतं. नवखा माणूस याच्या दुप्पट नोझल घेतो आणि मग गाडी अडखळते म्हणून डोकं धरून बसतो.

नोझलवर लिहिलेला प्रवाह ठरावीक दाबाचा असतो. तुमच्या पाइपमध्ये बूस्टचा दाब उलटा ढकलत असतो, तो वजा करावा लागतो. समजा नोझल ७ बारला २०० मिली देतं आणि बूस्ट १ बार आहे. उरला ६ बारचा फरक. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून २०० गुणिले सहा-सप्तमांशाचं वर्गमूळ, उत्तर १८५ मिली. आपल्याला हवं त्याच्या जवळच. या हिशोबावरून हेही लक्षात येईल की दाब दुप्पट केल्याने प्रवाह दुप्पट होत नाही, दीडपटही होत नाही. प्रवाह वाढवायचा तर नोझल बदला. दाब वाढवल्याचा खरा फायदा थेंब बारीक होण्यात आहे.

सामान

पंप १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप हवा, निदान ७ बार दाब देणारा, १० असेल तर उत्तम. वॉशर पंपावर काम भागवायचा प्रयत्न जवळजवळ प्रत्येक जण करतो. मीही केला. बादलीत फवारा छान दिसला. गाडीला लावून पंधरा दिवस फिरवली आणि पाइप काढला, तर खालच्या वळणात चमचाभर पाणी साचलेलं. धुकं झालंच नव्हतं, नुसती धार भिंतीवर आपटून खाली ओघळत होती. वॉशर पंप एक-दोन बारच्या वर जात नाही आणि त्यातला निम्मा दाब बूस्टच खातो. असं साचलेलं पाणी एखाद्या वेळी एकदम सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

बऱ्याच डायफ्रॅम पंपांच्या डोक्यावर दाबाचा स्विच असतो, ठरावीक दाबाला तो पंप बंद करतो. लहान नोझलसोबत पंप लगेच त्या दाबाला पोचतो, बंद होतो, दाब उतरला की पुन्हा सुरू, आणि टर्रर्र टर्रर्र असा आवाज करत फवारा झटके देतो. स्क्रूने तो दाब थोडा वर नेता येतो. पंपाच्या सांगितलेल्या मर्यादेपर्यंतच न्या.

नळी ६ मिमीची नायलॉन किंवा टेफ्लॉन, पंपाच्या दुप्पट दाब सोसणारी. सील ईपीडीएम रबराची. व्हायटॉनच्या बऱ्याच जाती मिथेनॉलमध्ये फुगतात. टाकी एचडीपीई प्लॅस्टिकची. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक दिसायला सुंदर असतं, पण अल्कोहोलने त्याला तडे जातात. उघडं अ‍ॅल्युमिनियम जिथे द्रव दिवसेंदिवस साचून राहील तिथे नको. मिथेनॉल ते खातं आणि पांढरा चिखल तयार होतो, तोच पुढे फिल्टरमध्ये सापडतो. नोझल आणि जोड पितळी किंवा स्टेनलेस.

टाकी आणि पंपाच्या मध्ये फिल्टर. पंपानंतर, नोझलच्या जवळ, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे करंट मिळाला तरच उघडणारी झडप. हा वाचवावासा वाटतो, पण वाचवू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इनटेकमध्ये ओढ निर्माण होते, आणि व्हॉल्व्ह नसेल तर ती ओढ नोझलमधून टाकीतला द्रव शोषत राहते. गाडी उभी असेल आणि टाकी नोझलपेक्षा उंच असेल तर द्रव रात्रभर आपणहून ठिबकतो. चेक व्हॉल्व्हने (एकाच दिशेने वाहू देणाऱ्या झडपेने) काही भागतं, पण त्याची स्प्रिंग एक-दीड बारची तरी हवी. अ‍ॅक्वेरियमवाला चेक व्हॉल्व्ह नुसत्या ओढीनेही उघडतो.

बसवायला घेऊ

नोझलची जागा आधी ठरवा, बाकी सगळं तिच्या मागून येतं. इंटरकूलरनंतर, थ्रॉटल बॉडीच्या १५ ते ३० सेंटिमीटर आधी, शक्यतो सरळ पाइपवर. वळणाच्या तोंडाशी लावलंत तर फवारा भिंतीवर आपटतो. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आणि मास एअर फ्लो सेन्सर नोझलच्या आधी राहिले पाहिजेत. ओला सेन्सर ईसीयूला खोटं तापमान सांगतो. टर्बोच्या तोंडाआधी फवारणारेही असतात, पण थेंब कॉम्प्रेसरच्या पात्यांची कड झिजवतात. सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डच्या एकाच फाट्यात फवारलं तर एका सिलिंडरला पूर आणि बाकीच्यांना दुष्काळ.

पाइप गाडीवरून काढा आणि मग ड्रिल चालवा. गाडीवरच भोक पाडून कीस 'नंतर ओढून घेऊ' म्हणणारे भेटतात. तो कीस सिलिंडरमध्ये जातो. नोझल बहुतेक वेळा एक-अष्टमांश इंचाच्या एनपीटी आट्यांचं असतं, त्याला साधारण ८.५ मिमीचं ड्रिल लागतं आणि मग टॅपने आटे पाडायचे. हे आटे निमुळते असतात, म्हणून टॅप पूर्ण आत घालू नका. मधेमधे नोझल फिरवून बघा. पाइपची भिंत ३ मिमीपेक्षा पातळ असेल तर आटे धरणारच नाहीत. अशा वेळी बाहेरून बंग, म्हणजे आटे असलेला जाड कडीसारखा तुकडा, वेल्ड करून घ्यावा. नोझलचं तोंड पाइपच्या आतल्या भिंतीशी सपाट किंवा केसभर पुढे असू द्या. आट्यांना टेफ्लॉन टेप लावताना पहिले दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर टेपचा तुकडाच भोक बुजवतो.

टाकी डिकीत किंवा बोनेटखाली, एक्झॉस्ट आणि टर्बोपासून लांब. डिकी माणसं बसतात त्या जागेशी जोडलेली असेल तर टाकीच्या झाकणाची हवा नळीने गाडीबाहेर काढा. नोझलपेक्षा टाकी खाली असेल तर उत्तम. द्रव ओढायचं भोक टाकीच्या मागच्या बाजूला, तळाशी. गाडी जोर घेते तेव्हा द्रव मागे सरकतो आणि फवारा नेमका त्याच वेळी हवा असतो. पुढच्या बाजूला भोक असलेली टाकी पाव भरलेली असतानाच पंपाला हवा पाजते.

पंप टाकीच्या शेजारी आणि तिच्या पातळीच्या खाली. नळी ब्लेडने काटकोनात कापा. कात्रीने कापली की टोक चपटं होतं आणि पुश-फिट जोड काही दिवसांनी गळतो. पत्र्यातून नळी नेताना रबरी ग्रोमेट घाला.

वायरिंग

बॅटरीवरून १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला. ८७ नंबर पंपाच्या प्लसला, आणि त्याच ठिकाणाहून सोलेनॉइडलाही. ८५ बॉडीला. ८६ ला मिळणारा करंट मात्र तीन दारांतून आला पाहिजे: इग्निशन चालू असतानाच येणारी तार, मग डॅशबोर्डवरचा चालू-बंद स्विच, मग बूस्टचा प्रेशर स्विच. तिन्ही एकामागून एक. इग्निशनचं दार यासाठी की इंजिन बंद असताना पंप चुकूनही चालू नये.

सोलेनॉइडच्या दोन तारांवर एक डायोड आडवा लावा, त्याची पट्टी प्लसकडे. नाहीतर कॉइल बंद होताना व्होल्टेजचा जो फटका बसतो त्याने रिलेचे काँटॅक्ट जळतात. डायोड उलटा लागला तर फ्यूज उडेल, म्हणजे चूक लगेच कळेल.

प्रेशर स्विचची नळी थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डवरून घ्या. फवारा पूर्ण बूस्टच्या साधारण निम्म्यावर सुरू व्हावा. फार लवकर सुरू झाला तर थंड, अर्धवट भरलेल्या सिलिंडरमध्ये पाणी पडतं आणि गाडी खोकते.

फवारा थांबला तर

पूर्ण बूस्टवर फवारा चालू आहे, टायमिंग त्याच्या भरवशावर पुढे नेलेलं आहे, आणि नळी सुटली. तुम्हाला कळायला किती वेळ लागेल? एखादा दिवा लावला तरी डोळा रस्त्यावर असतो. पाय उचलेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात पिस्टनचं काम झालेलं असतं. म्हणून दिव्यावर विसंबू नका. फवारा नाही तर जास्तीचा बूस्टही नाही, हे तारांनीच ठरवलं पाहिजे.

बहुतेक टर्बोंत वेस्टगेटच्या (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगने ठरणारा एक खालचा बूस्ट असतो आणि बूस्ट कंट्रोल सोलेनॉइडला करंट मिळाला की तो वर जातो. समजा स्प्रिंगचा बूस्ट ०.६ बार आणि तुम्हाला हवा आहे १.१. फवारा ०.४ ला सुरू होतो. आता फवाऱ्याच्या सोलेनॉइडनंतर, नोझलच्या आधी, एका टी-जोडावर दुसरा प्रेशर स्विच लावा, जो ४ बारला जुळतो. बूस्ट सोलेनॉइडचा करंट याच स्विचमधून न्या. नळीत ४ बार दाब असेल तरच बूस्ट ०.६ च्या वर चढेल. पंप मेला, फ्यूज उडाला, नळी सुटली, वायर तुटली, टाकी रिकामी होऊन पंपाने हवा ओढली: प्रत्येक वेळी दाब पडतो, करंट तुटतो आणि गाडी ०.६ वर येते. चालवणाऱ्याला वाटतं गाडी आज मंद आहे. बस, एवढंच नुकसान.

एक गोष्ट यातून निसटते. नोझल बुजलं तर नळीत दाब भरपूर असतो, प्रवाह नसतो, आणि स्विचला वाटतं सगळं ठीक. ते पकडायला फ्लो सेन्सर लागतो. तो बसवणार नसाल तर फिल्टर आणि नोझल साफ ठेवणं हाच उपाय, आणि टायमिंग फार लोभाने पुढे न नेणं.

टाकीत फ्लोट स्विचही घाला. रिकामी व्हायच्या आधीच, साधारण पाव टाकी उरली असताना, त्याने दिवा लावावा. वळणावर द्रव हिंदकळतो आणि दिवा लुकलुकतो. माझ्या गाडीत तो इतका लुकलुकायचा की मी त्याच्याकडे बघणंच सोडलं, म्हणजे दिवा असून नसल्यासारखा. चार-पाच सेकंद उशीर करणारा टायमर रिले मध्ये टाकल्यावर तो शहाणा झाला.

तुमच्या गाडीत बूस्ट सोलेनॉइड ईसीयू थेट चालवत असेल तर त्याची तार तोडल्यावर तो बिघाडाचा कोड दाखवू शकतो, आणि इलेक्ट्रॉनिक वेस्टगेट असलेल्या गाड्यांत हा उपाय असा लागूच होत नाही. तिथे फेलसेफचा, म्हणजे या बचावाच्या सोयीचा, सिग्नल ईसीयूलाच द्यावा लागतो, जो दुसरा मॅप (बूस्ट-टायमिंगच्या आकड्यांचा तक्ता) निवडेल. ते ट्यूनरकडून करून घ्या.

आधी बाहेर, मग रस्त्यावर

टाकीत नुसतं पाणी. नोझल पाइपमधून काढून मापाच्या भांड्यात धरा, प्रेशर स्विचच्या दोन तारा जोडून पंप चालवा आणि बरोबर ६० सेकंद मोजा. आलेलं माप मार्करने टाकीवर लिहा, तारखेसकट. हे बूस्टशिवायचं माप आहे, गाडीत थोडं कमी मिळेल. नोझल डोळ्यांच्या पातळीला धरून उजेडात बघा: शंकूच्या आकाराचं धुकं दिसलं पाहिजे, तोंडाशी. मधे एखादी जाड रेष किंवा एका बाजूला धार दिसत असेल तर भोकात कचरा आहे. पंप बंद केल्यावर धुकं तिथल्या तिथे तुटलं पाहिजे. थेंब थेंब गळत राहिलं तर सोलेनॉइड नोझलपासून फार लांब आहे.

मग फेलसेफ तपासा, आणि तोही पाण्यावरच. बूस्ट सोलेनॉइडच्या तारांवर मल्टिमीटर लावा, पंप चालवा, १२ व्होल्ट दिसतील. पंपाचा फ्यूज ओढा. आकडा शून्यावर आला पाहिजे. नळीत दाब अडकून आकडा तसाच राहिला तर स्विच चुकीच्या जागी लागलाय, बहुधा सोलेनॉइडच्या आधी. ही चाचणी पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

पहिली फेरी पाण्यावर आणि नेहमीच्या बूस्टवर. टायमिंगला हात लावायचा नाही. मोकळ्या, सुरक्षित जागी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर, आणि ईसीयूने नोंदवलेला लॉग बघायचा. गाडी अडखळली तर फवारा थोडा उशिरा सुरू करा किंवा लहान नोझल लावा. नीट चालली तर टाकीत मिश्रण भरा आणि तीच फेरी पुन्हा.

आता वाइडबँडवर मिश्रण थोडं श्रीमंत (रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त) दिसेल. किती, तेही आधीच काढता येतं. मिनिटाला १७० मिलीत निम्मं मिथेनॉल, म्हणजे ८५ मिली, वजनाने ६७ ग्रॅम. मिथेनॉल स्वतःच्या ६.४ पट हवा जाळतं, पेट्रोल १४.७ पट. म्हणून हे ६७ ग्रॅम साधारण २९ ग्रॅम पेट्रोलइतकी हवा वापरतात. ८३३ ग्रॅमवर ही साडेतीन टक्के भर. मीटर ११.५ दाखवत होता तर आता ११.१ च्या आसपास दाखवेल. मीटर १०.५ च्या खाली गेला तर हिशोबापेक्षा जास्त द्रव जातोय, कुठेतरी माप चुकलंय. पेट्रोल कमी करायची घाई करू नका. श्रीमंत मिश्रण थोडी ताकद खातं, पण फवारा चुकला तर तेच गादीचं काम करतं.

टायमिंग एका वेळी एक अंश. प्रत्येक अंशानंतर दोन-तीन फेऱ्या आणि नॉकचा लॉग. एका अंशाने ताकद वाढली नाही तर तो परत घ्या, नॉकिंग नसलं तरी. ०.६ बारचा मॅप मात्र फवाऱ्याशिवायही सुरक्षित राहील असाच ठेवा, कारण फेलसेफ गाडीला तिथेच आणून ठेवणार आहे. बूस्ट सगळ्यात शेवटी वाढवायचा, आणि तोही फ्युएल पंपात आणि इंजेक्टरमध्ये क्षमता शिल्लक असेल तरच.

डिझेल टर्बोवर हेच सामान चालतं, पण तिथे नॉकिंगचा प्रश्न नसतो. फायदा एक्झॉस्टचं तापमान उतरण्यात असतो. मिथेनॉल जास्त झालं तर ते डिझेलच्या आधीच पेटू शकतं, म्हणून डिझेलवाल्यांनी पाण्याकडे झुकतं माप ठेवावं.

नंतरची निगा

हिशोबाच्या गाडीत २ लिटरची टाकी सलग फवारली तर १२ मिनिटांत संपते. रोजच्या वापरात पूर्ण बूस्ट काही सेकंदांचाच असतो, त्यामुळे ती बरेच दिवस पुरते, आणि त्यामुळेच विसरली जाते. पेट्रोल भरताना टाकीचं झाकणही उघडून बघा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, एक-दोन मिनिटं नुसतं डिस्टिल्ड पाणी फवारून नळी आणि पंप धुऊन घ्या. थंडीत पाणी गोठत असेल अशा जागी नळीत नुसतं पाणी ठेवू नका. तिथे शेवटची धुलाई मिश्रणानेच.

दर दोन-तीन महिन्यांनी नोझल काढा, फिल्टर उघडा, आणि ६० सेकंदांचं माप पुन्हा घ्या. टाकीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दहावा हिस्सा कमी आला तर आधी फिल्टर, मग नोझल. नोझलमध्ये सुई किंवा तार घालू नका, भोक मोठं होतं. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, उलट्या बाजूने हवा मारा, आणि तरीही माप येत नसेल तर नवीन लावून नवा आकडा जुन्याच्या खाली लिहा.